काल त्या दोघांचं काय झालं?

१९४८च्या कारखाने कायद्याचं ६६वं कलम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात टीव्ही मालिका असण्याचं काही कारण नव्हतं. देशात टीव्ही यायलाच अजून अकरा वर्षं होती. त्या कलमाने बाईला कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत काम करायची मुभा दिली. राज्य सरकारला वेळ थोडी मागेपुढे करता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच हा पट्टा बायकांना बंदच. पुरुषांना असलं बंधन नव्हतं. त्यामुळे पिंपरी, भोसरी, आकुर्डीचे कारखाने तीन पाळ्यांत चालू लागले तेव्हा दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीकडे सुटणारी सेकंड शिफ्ट पुरुषांच्याच वाट्याला आली. पुढे टीव्ही आला, चॅनेल आले आणि त्यांनी आपल्या सगळ्यात लाडक्या मालिका नेमक्या संध्याकाळी सात ते दहा या वेळेत बसवल्या. कायद्याने सातच्या आत घरी पाठवलेली बाई पडद्यासमोर, आणि तिचा नवरा मशीनपुढे. मालिकेतल्या ‘त्या दोघांचं’ जुळणार की नाही, या प्रश्नाने कासावीस होणाऱ्या प्रेक्षकाचा या औद्योगिक पट्ट्यातला इतिहास या वेळापत्रकाला वळसा घालून सांगता येत नाही.

इथे एकाने पाहायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, अशी वाटणी होती. ज्याने पाहिलं त्याच्याकडे मालिकेची मालकी. ज्याने ऐकलं त्याच्याकडे शंका.

आधी गावाबद्दल. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, म्हणजे आजही जिला सगळे ‘एचए’ म्हणतात ती. १९६२मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि साठच्या दशकात टेल्को, बजाज अशी मोठी नावं इथे जमिनी घेऊ लागली. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२मध्ये महापालिका. कामाला माणसं आली ती सातारा-सांगलीहून, सोलापूर-मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून. बहुतेकदा आधी पुरुष यायचा. गाववाल्यांच्या खोलीत चार-सहा जणांत राहायचा, नोकरी पक्की झाली की गावाकडे लग्न उरकायचा आणि मग बायकोला घेऊन यायचा. ती मुलगी ज्या माणसाबरोबर एका खोलीच्या संसारात यायची, त्याची तिला धड ओळखही नसायची. त्यात तो एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी, एक आठवडा रात्री घराबाहेर. प्रेम जमायचं असेल तर ते लग्नानंतर, आणि तेही शिफ्ट बघून. मराठी मालिकेने पुढे जो प्रकार नावारूपाला आणला, त्याची तालीम या खोल्यांमधून आधीच झालेली होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि १९७३मध्ये पुण्यालाही टीव्ही दिसू लागला. सिंहगडावरचा मनोरा त्या काळचाच. सुरुवातीच्या वर्षांत टीव्ही बाळगायला परवाना लागायचा, तो १९८५मध्ये रद्द झाला. तोवर चाळीत एखाद्याकडे संच आणि बाकीचे दारात, खिडकीत. गुरुवारी रात्री ‘छायागीत’ लागायचं. विजेचा भार वाटून घेण्यासाठी इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे ठाऊक असलं की त्या अर्ध्या तासाचं मोल कळतं. रविवारचा सिनेमा बुडणाऱ्या माणसाला निदान नायक-नायिकेची गाणी तरी बायकोच्या शेजारी बसून पाहता यायची. शेजारी म्हणजे अर्थात मध्ये दोन पोरं, एक शेजारीण आणि घरमालकाची सासू.

त्या काळच्या मराठी मालिकांत दोघांमधली ओढाताण जवळजवळ नव्हतीच. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’मध्ये दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पक्का संसारी; विनोद होता, हुरहूर नव्हती. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली हिंदीतून. ७ जुलै १९८४ला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींचं लेखन, भागाच्या शेवटी अशोककुमारांचं निरूपण, १५६ भाग. त्यातल्या बडकीचं लग्न होणार की नाही, झालं तर मालिकेतल्या डॉक्टरशी होणार का, यावर देश पत्रं लिहीत बसला. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी या मालिकेवर पुढे संशोधन केलं. दूरदर्शनकडे आलेल्या पत्रांचा आकडा चार लाखांच्या घरात सांगितला जातो. लोकांनी बडकीला सल्ले दिले, तिच्या वतीने मालिकाकर्त्यांना दटावलं, आणि तिचं लग्न पडद्यावर लागलं तेव्हा उत्तरेत काही ठिकाणी दुकानं लवकर बंद झाली, अभिनंदनाच्या तारा गेल्या. आज कुणी समाजमाध्यमावर ‘प्लीज यांना एकत्र आणा’ असं लिहितो तेव्हा तो काही नवं करत नसतो. फक्त पोस्टकार्डाचे पैसे वाचवतो.

त्या काळात प्रेक्षकाला ताटकळण्याची सवयच होती, हेही लक्षात घ्यायला हवं. आकुर्डीत तयार होणाऱ्या चेतक स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. जो माणूस स्कूटरला दहा वर्षं देऊ शकतो, त्याला बडकीच्या होकारासाठी वर्षभर थांबणं जड नव्हतं.

१९९२मध्ये झी टीव्ही आला आणि केबलवाल्यांच्या तारा गच्च्यांवरून धावू लागल्या. नव्वदच्या दशकात ‘हसरतें’ने विवाहबाह्य संबंधांची गोष्ट घरात आणली. तिच्या मुळाशी जयवंत दळवींची मराठी कादंबरी होती, हे त्या वेळी अनेकांना माहीतही नव्हतं. नीना गुप्तांची ‘सांस’ १९९८ची. याच सुमारास दूरदर्शनवर प्रतीक्षा लोणकर ‘दामिनी’ झाल्या आणि रोज भेटणारी मराठी मालिका ही चीज लोकांच्या अंगवळणी पडली. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झालं, ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आणि मनोज जोशींचा शरद. नवरा दुसरीकडे ओढला जातो आणि बायको कोलमडून न पडता उभी राहते. तिथे प्रश्न ‘जुळेल का’ असा नव्हता, ‘टिकेल का’ असा होता. मराठी प्रेक्षकाचा ओढा कुठे आहे हे त्यातून दिसायला हरकत नव्हती, पण वाहिन्यांना ते पुरतं उमगायला आणखी बारा-तेरा वर्षं जावी लागली.

मधल्या काळात हिंदीने प्रेक्षकाच्या ताकदीचा एक नमुना दाखवला. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर २००१मध्ये मेला. लोकांनी एवढा गदारोळ केला की त्याला परत जिवंत करावं लागलं. तुलसी-मिहिर ही जोडी फोडण्याचा अधिकार निर्मात्यांना नाही, असं प्रेक्षकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सेकंड शिफ्टवाल्याला या सगळ्यात तारलं ते रिपीटने. रोजच्या मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागू लागला, आणि दुपारी कामावर निघणाऱ्या माणसाला जेवता जेवता कालचा भाग सापडू लागला. पण तोवर त्याने तो ऐकलेला असायचा. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत फरक पडतोच. बायकोने सांगताना नायकाला जरा जास्त हळवं केलेलं असतं, सासूला जरा जास्त खाष्ट. मालिकेवर नाक मुरडणारे पुरुष ‘आम्ही कुठे बघतो’ असं म्हणतात ते अनेकदा खरंही असतं. ते पाहत नाहीत, पण त्यांना सगळं माहीत असतं.

मग आलं २०१२. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. दिग्दर्शक सतीश राजवाडे, जोडी मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. याच तिघांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ दोन वर्षांपूर्वी गाजून गेला होता. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला वडिलांना एकटं सोडायचं नाही. दोन्ही घरं लग्नासाठी मागे लागलेली. म्हणून दोघं ठरवून खोटं लग्न करतात आणि पुढे सोयीने वेगळं व्हायचं असा बेत आखतात. म्हणजे कथेच्या सुरुवातीलाच अक्षता पडल्या. हिंदी सिनेमात लग्न लागलं की प्रेक्षक चप्पल शोधू लागतो. इथे लग्न लागल्यावर गोष्ट सुरू झाली. एका खोलीत राहणारे दोघं कायद्याने नवराबायको आणि मनाने परके. भरल्या घरात सगळ्यांसमोर जोडपं, दार लागलं की दोन पाहुणे.

अमेरिकन टीव्हीत या जागेवर एक प्रसिद्ध भीती आहे. १९८५मध्ये सुरू झालेल्या ‘मूनलाइटिंग’ या मालिकेत ब्रूस विलिस आणि सिबिल शेफर्ड हे गुप्तहेरीतले भागीदार सतत भांडत आणि एकमेकांकडे ओढले जात. १९८७मध्ये ते एकत्र आले, नंतर मालिकेची लोकप्रियता ओसरली, १९८९मध्ये ती संपली. तेव्हापासून तिकडच्या लेखकांनी धसका घेतला की जोडी जुळवली की मालिका बुडते. खरं तर त्या मालिकेच्या घसरणीला नायिकेचं बाळंतपण, विलिसचं सिनेमातलं यश, १९८८चा लेखकांचा संप अशीही कारणं होती. पण धसका तो धसका. मराठी मालिकेने हा पेच वेगळ्याच दाराने सोडवला. लग्नच आधी लावून टाकलं तर ‘एकत्र आले, आता काय?’ हा प्रश्न उरतो कुठे? कामातले भागीदार हवेत कशाला, संसारातले भागीदार आहेतच की. आणि लग्नानंतरच्या चोरट्या नजरेला, हात लागला-न लागला अशा क्षणांना आजीसोबत बसून पाहण्यात कसली अडचणही नाही. शेवटी नवराबायकोच ती!

या युक्तीत हिशेबीपणा आहेच. पण ती चालली ती केवळ सोवळेपणामुळे नव्हे. निगडी-यमुनानगरच्या, संभाजीनगरच्या, संत तुकारामनगरच्या घरांतून पंचवीस-तीस वर्षं संसार केलेल्या बाईला पडद्यावर आपलाच उमेदीचा काळ दिसत होता. फरक एवढाच की घना-राधा परके राहण्याचं ठरवून एकत्र आले होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं. अनोळखी पुरुषाबद्दल हळूहळू माया वाटू लागते तो काळ किती अवघडलेला आणि किती गोड असतो, हे सांगायला तिला कधी शब्द मिळाले नव्हते, मुभा तर त्याहून नाही. राधाबद्दल मात्र ती मोकळेपणाने बोलू शकत होती. चाहतेपणाच्या इतिहासात हा भाग सहसा नोंदला जात नाही, कारण तो ओट्यापाशी बोलला जातो.

मालिका वर्षभराच्या आतच संपली. पाणी न घालता संपलेली मराठी मालिका म्हणून तिचं नाव अजून निघतं.

त्यानंतर ती वाट राजमार्ग झाली. ‘जुळून येती रेशीमगाठी’त (२०१३) प्राजक्ता माळीची मेघना मनात दुसरा असताना ललित प्रभाकरच्या आदित्यशी लग्न करते आणि आदित्य नुसता वाट पाहत राहतो. ‘का रे दुरावा’मध्ये (२०१४) उलटी गंमत: जय आणि अदिती खरोखरचे नवराबायको, पण कंपनीत विवाहित जोडपी चालत नाहीत म्हणून कामावर अनोळखी असल्याचं नाटक करतात. कंपनीचा नियम हाच खलनायक असलेली ही मालिका पिंपरी-चिंचवडकरांना परकी वाटण्याचं कारण नव्हतं. २०२२च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘ठरलं तर मग’मध्ये जुई गडकरीची सायली आणि अमित भानुशालीचा अर्जुन पुन्हा करार करूनच लग्न करतात, आणि ही मालिका टीआरपीत वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर बसली. मुदतीवर केलेलं लग्न कायम होणार का, हा प्रश्न जिथे निम्मी तरुण पोरं मुदतीवर कामाला असतात तिथे फार समजावून द्यावा लागत नाही.

‘होणार सून मी ह्या घरची’चं प्रकरण मात्र वेगळं. जुलै २०१३ला सुरू झाली, जानेवारी २०१६ला संपली. श्री आणि जान्हवी, म्हणजे शशांक केतकर आणि तेजश्री प्रधान, लोकांना इतके पटले की फेब्रुवारी २०१४मध्ये दोघांनी प्रत्यक्षात लग्न केलं तेव्हा ते जणू आपल्याच आग्रहाने झालं असं प्रेक्षकांना वाटलं. मालिका चालू असतानाच त्यांच्यात दुरावा आल्याच्या बातम्या आल्या. पडद्यावर जवळीक, वर्तमानपत्रात ताटातूट. प्रेक्षकाने कोणत्या जोडीसाठी हळहळायचं? बहुतेकांनी सोयीचा मार्ग काढला आणि पडद्यावरच्यांसाठी हळहळ चालू ठेवली. दरम्यान जान्हवीचं गरोदरपण एवढं लांबलं की तेव्हा नुकतंच घरोघरी पोचलेल्या व्हॉट्सअ‍ॅपला विनोदांचा खजिनाच सापडला. मराठी मालिकांच्या चाहत्यांची थट्टा करण्याची एक स्वतंत्र परंपरा तिथून फोफावली, आणि गंमत अशी की ते विनोद पुढे पाठवणारे बहुतेक जण रात्री आठला टीव्हीसमोरच असत.

राग आला तर तोही व्यक्तीवर निघतो. ‘तुला पाहते रे’मध्ये (२०१८) सुबोध भावेंचा विक्रांत आणि त्याच्याहून निम्म्या वयाची ईशा, म्हणजे गायत्री दातार. आधी वयावरून वाद, मग लोकांनी जोडी स्वीकारली, आणि मग लेखकांनी विक्रांतलाच खलनायक करून टाकलं. ज्यांनी वाद घालून या जोडीची बाजू घेतली होती त्यांची चांगलीच पंचाईत झाली. ‘आई कुठे काय करते’मध्ये बायकोशी प्रतारणा करणारा अनिरुद्ध साकारणाऱ्या मिलिंद गवळींना लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या, अभिनयाची पावती म्हणून त्या झेलण्याशिवाय इलाज नव्हता. त्याच मालिकेत मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती, मोठ्या मुलांची आई, दुसऱ्या लग्नाकडे वळली तेव्हा घराघरांत दोन तट पडले. सासूच्या वयाच्या बाईने प्रेमात पडावं की नाही यावर सुनांचं मत विचारलं गेलं, हेही या महाराष्ट्रात थोडकं नाही.

जोडप्यांबद्दलच्या या हळव्या कुतूहलाचं सार्वजनिक रूप म्हणजे ‘होम मिनिस्टर’. सप्टेंबर २००४ला सुरू झालेला आदेश बांदेकरांचा हा कार्यक्रम २०२२पर्यंत चालला. कॅमेरा मालिकेतल्या जोडीवरून थेट तुमच्या-आमच्या घरातल्या जोडीकडे वळला: पहिल्यांदा कधी पाहिलं, कुणी आधी होकार दिला, रुसवा कोण काढतं. त्याच्या नकला पिंपरी-चिंचवडमध्ये, भोसरीत, पुढे चाकणलाही ‘खेळ पैठणीचा’ म्हणून मैदानांत भरू लागल्या. नगरसेवक आणि होऊ घातलेले नगरसेवक यजमान, एखादी मालिकेतली नायिका पाहुणी, आणि समोर खुर्च्या भरून बायका. मतांचं राजकारण त्यात होतंच, पण शिफ्टवरून धावतपळत आलेल्या नवऱ्याला स्टेजवर बोलावून बायकोच्या आवडीनिवडी विचारल्या की त्याची जी तारांबळ उडायची, ती कुठल्याही मालिकेत लिहून होत नाही.

२०१५मध्ये एक तांत्रिक गोष्ट घडली, जिचा कुणी फारसा गवगवा केला नाही. टीव्ही पाहणाऱ्यांची मोजदाद ‘बार्क’कडे गेली आणि त्याच वर्षी ग्रामीण प्रेक्षकही मोजला जाऊ लागला. वर्षभराने, ऑक्टोबर २०१६ला, कोल्हापूरच्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’ आली. पैलवान राणा आणि पाठकबाई. नंतर साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’, फौजी व्हायला निघालेला अज्या आणि शीतल. दोन घटनांचा संबंध लावायला हरकत नसावी. कोल्हापूर-साताऱ्याहून येऊन इथे स्थिरावलेल्या कुटुंबांना आपल्या बोलीत लाजणारा नायक प्रथमच रोज संध्याकाळी भेटू लागला. राणाला मनातलं बोलता येत नाही, ही त्या मालिकेची सगळी भिस्त. आणि न बोलणारे पुरुष काय चीज असतात हे इथल्या बायकांना कुणी शिकवायला नको होतं. राणा झालेला हार्दिक जोशी आणि पाठकबाई झालेली अक्षया देवधर यांचं डिसेंबर २०२२मध्ये पुण्यात खरोखरच लग्न झालं, तेव्हा मालिका संपून दोन वर्षं होत आली होती. तरी बातमी ‘राणादा-पाठकबाईंचं लग्न’ अशीच फिरली.

एव्हाना औद्योगिक पट्टाही सरकला होता. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण २००९-१०पर्यंत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रांचं गाव झालं. आकुर्डीच्या बजाजमधलं उत्पादन २००७मध्येच थांबलं होतं. चाकण-म्हाळुंगे-खराबवाडीच्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरापोरींकडे टीव्ही नसतो, मोबाइल असतो. सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. मालिका कंपनीच्या बसमध्ये शिरली. पाहणारी आणि ऐकणारा ही जुनी वाटणी तिथे मोडली, आणि सोबतचा बोलण्याचा भागही बराचसा गेला. कानात हेडफोन घालून पाहिलेल्या सीनवर शेजारच्याशी वाद होत नाही.

६६व्या कलमाची भिंतही याच काळात खचली. २०१५च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात सुरक्षेच्या आणि वाहनाच्या अटींवर बायकांना रात्री काम करायची वाट मोकळी झाली. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात आता गाड्यांची एक अख्खी लाइन बायकाच चालवतात, पंधराशेहून जास्त. सेकंड शिफ्टला गेलेली बायको आणि घरी पोरांना जेवू घालून आठच्या मालिकेसमोर बसलेला नवरा, हे चित्र अजून सर्रास नसलं तरी नवलाचं राहिलेलं नाही. त्यात झी५सारख्या अ‍ॅपवर पैसे भरणाऱ्यांना भाग टीव्हीच्या आधीच पाहता येतो. तिने तो दुपारी कामावर जाताना बसमध्येच पाहून टाकलेला असतो, आणि संध्याकाळच्या ब्रेकमध्ये फोन केला की तो तिला बजावतो: सांगू नकोस.